आधी पेट्रोल बघा

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. मुंबईत नोंदली गेलेली ती शेवटची पद्मिनी टॅक्सी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीची काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यांवर दिसेनाशी झाली. वर्तमानपत्रांत लेख आले, लोकांनी शेवटच्या गाड्यांसोबत फोटो काढून घेतले आणि ‘पद्मिनी गेली’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

गेली ती टॅक्सी. खासगी पद्मिन्या अजून आहेत. गिरगावातल्या चाळीच्या चौकात आहेत, दादरच्या सोसायट्यांच्या कोपऱ्यांत आहेत, पुण्याच्या पेठांत आणि सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांच्या पडव्यांत आहेत. त्यांच्या सोबतीला अँबॅसिडर आहेत, स्टँडर्ड हेरल्ड आहेत, महिंद्राच्या जुन्या जीप आहेत. या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांचा आधार केव्हाच सुटला. तरी त्या चालतात, कारण कुठल्या तरी गल्लीत एक मेस्त्री आहे आणि कुठल्या तरी घरात एक हट्टी मालक आहे.

माझ्या घरातली पद्मिनीही अशीच चालते. तिच्या निमित्ताने गॅरेजांत, लेथच्या दुकानांत आणि जुन्या बाजारांत माझी उठबस झाली. तिथे कानावर पडलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले काही धडे इथे मांडतो आहे. त्यांतले बरेचसे ऐकताना हसू फुटतं. पण प्रत्येकाच्या मुळाशी पक्कं कारण आहे, आणि ती कारणं जाणणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

कुर्ल्याच्या कारखान्यातून

धड्यांआधी थोडी वंशावळ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होत असे. १९५०च्या दशकात इटलीची फियाट आली. त्या काळातली गोलगुबरी फियाट ११०० आजही ‘डुक्कर फियाट’ याच नावाने ओळखली जाते. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूला उघडतात, आणि हे नवख्या पाहुण्याला कळेपर्यंत घरची मंडळी दारात उभी राहून मजा बघतात. १९६४ साली ११०० डिलाइट आली. तीच पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढे एकसलग लांब सीट. या एवढ्या भांडवलावर तिने नवं शतक गाठलं.

लाल बहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४ची फियाट घेतली होती. किंमत होती बारा हजार रुपये आणि त्यांतले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतलेले. शास्त्रीजींच्या निधनानंतर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे. मध्यमवर्गातल्या कितीतरी घरांत पहिली गाडी अशीच आली: वर्षानुवर्षं नंबर लावून, कर्ज काढून, पेढे वाटून. म्हणून मुलं मोठी झाली, परदेशी गेली, तरी ‘बाबांची गाडी विकायची नाही’ हा ठराव कायम राहतो. विकायची नाही म्हटल्यावर ती चालवावी लागते, आणि तिथून शिकवणी सुरू होते.

धडा पहिला: इंजिन उघडण्याआधी

रविवारी सकाळी जुनी गाडी सुरू होत नाही, ही बातमी सोसायटीत वाऱ्यासारखी पसरते. बोनेट वर गेलं की पाच मिनिटांत चार जण जमतात. जोशीकाका कॉइल गेली म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त अधिकारी कार्बोरेटरमध्ये कचरा आहे असं ठामपणे सांगतात. एक जण बॅटरीचं टर्मिनल हलवून बघतो. चौथा, ‘आता काढून टाका हो,’ असा सल्ला देऊन दूध आणायला जातो.

मग मेस्त्री येतात. ते बोनेटकडे वळतही नाहीत. मागे जाऊन टाकीचं झाकण काढतात, कमरेने गाडीला एक हिसका देतात आणि कान लावून ऐकतात. आतून पेट्रोल हिंदकळल्याचा आवाज येत नाही.

“साहेब, पोटात काही नाही हिच्या.”

“अहो, काटा तर अर्ध्यावर आहे!”

“काटा अर्ध्यावर अडकलाय. पेट्रोल संपलंय.”

टाकीतला फ्लोट जुना झाला की एका जागी चिकटून बसतो आणि काटा मन मानेल ते दाखवतो. म्हणून जुन्या गाडीच्या डिकीत लाकडी फूटपट्टी किंवा वेताची काडी असते. टाकीत बुडवायची आणि ओल किती वर आली ते बघायचं. आधी पेट्रोल, मग वीज, मग हवा. या क्रमाने गेलं की निम्मे दोष हाताला काळं लागायच्या आत सापडतात. डोकं तापलं की माणूस नेमका उलटा जातो, सगळ्यांत अवघड गोष्टीपासून सुरुवात करतो, आणि संध्याकाळपर्यंत इंजिनाचे तुकडे चादरीवर मांडून बसतो.

पेट्रोल असेल तर पाळी येते डिस्ट्रिब्युटरची. मेस्त्रींमध्ये एक बोलणं आहे, की कार्बोरेटरचे बहुतेक दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतात. हे शब्दशः खरं आहे. गाडी मिसिंग मारायला लागली की लोक कार्बोरेटरच्या मागे लागतात, कारण तो मोठा, चकचकीत आणि समोर दिसणारा. खरा दोषी बहुधा नखाएवढा असतो: कॉन्टॅक्ट पॉइंट.

मेस्त्री हे काम करतात ते जवळून बघण्यासारखं असतं. आधी कॅपच्या दोन क्लिपा बोटाने उडवतात. रोटर काढून शर्टाच्या खिशात टाकतात, म्हणजे हात आत असताना कोणी उत्साहाने चावी फिरवली तरी इंजिन सुरू व्हायला नको. पॉइंटच्या दोन टिकल्यांवर जळून पडलेला खड्डा बारीक पॉलिश पेपरने घासतात. मग कोरा कागद टिकल्यांमधून फिरवतात, कारण घासल्याची पूड आत राहिली तर तीच नवा दोष होऊन बसते. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून जराशी पुढे ढकलतात, आतला कॅम फिरतो आणि पॉइंटची फायबरची टाच त्याच्या कंगोऱ्यावर चढते. आता टिकल्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडं कमी अंतर हवं. फीलर गेज पेटीत असतं, पण पेटी दूर असते. मेस्त्री काडेपेटीच्या पुठ्ठ्याची पट्टी फाडून मधे सरकवतात. “ओढली तर अडली पाहिजे, फाटली नाही पाहिजे.” स्क्रू आवळला, रोटर बसवला, कॅप लावली. चावी फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. जोशीकाका म्हणतात, “मी म्हटलंच होतं, वायरिंगचा काहीतरी घोळ आहे.”

खिशातल्या रोटरचा उपधडा असा: तो काढून नेला की गाडी चोरीला जात नाही, हे जुनं कुलूप आजही उत्तम चालतं. फक्त शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसे तपासावेत.

धडा दुसरा: नट कुठल्या देशाचा?

जुन्या जीपचं चाक पंक्चर झालं आहे. डाव्या बाजूचं. दोन तगडे तरुण पान्यावर उभे राहून उड्या मारताहेत आणि नट हलायला तयार नाही. तिसरा पाइप शोधून आणतो, पान्याच्या दांडीत घालतो, जोर दुप्पट होतो आणि कट्कन आवाज येतो. नट सुटलेला नसतो, स्टड तुटलेला असतो.

विलीजच्या बनावटीच्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. आपण ज्या दिशेने सोडवतो, त्या दिशेने ते आवळले जातात. चाक फिरताना नट आपोआप ढिले पडू नयेत म्हणून केलेली ही रचना. क्रायस्लरने तर ती आपल्या गाड्यांवर १९७०च्या आसपासपर्यंत चालू ठेवली, त्यामुळे कुर्ल्यात जुळवलेल्या डॉज आणि प्लिमथलाही हाच नियम. बहुतेकदा स्टडच्या टोकावर बारीक ‘एल’ अक्षर कोरलेलं असतं. चिखल पुसला तर दिसतं. जोर लावण्याआधी फडका मारावा, हा या प्रकरणाचा बोध, आणि तो चाकापुरता राहत नाही.

पान्यांची तर वेगळीच कथा. फियाट मेट्रिक, तिला दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा असे पाने लागतात. अमेरिकन जीपला इंची पाने लागतात. विलायती जुन्या गाड्यांना व्हिटवर्थचे पाने लागतात, आणि त्यांच्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंचाचा म्हणून हातात घेतलेला पाना भलताच मोठा निघतो तो त्यामुळे.

यावर कडी केली ती मॉरिसने. १९२३ साली विल्यम मॉरिस यांनी कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक पडत. पण इंग्लंडच्या गॅरेजवाल्यांकडे मेट्रिक पाने कुठले असणार? मग आटे मेट्रिकच ठेवून बोल्टची डोकी तेवढी व्हिटवर्थ मापाची केली. युद्धानंतरच्या एमजी टीसीच्या इंजिनात हे अजब लग्न आजही टिकून आहे. अशा इंजिनाचा एक बोल्ट हरवला की मालक व्हिटवर्थच्या पान्याला बसतो म्हणून व्हिटवर्थचा बोल्ट आणतो. तो दोन वेढे जातो आणि अडतो. मालक जोर लावतो आणि ब्लॉकमधले आटे जातात. अनुभवी मेस्त्री नवा बोल्ट आधी बोटांनी फिरवतात. बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच पाना हातात घेतात.

धडा तिसरा: घाट आणि ओला फडका

मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर बोरघाटात कडेला उभी राहिलेली फियाट, बोनेट उघडं, घरची मंडळी दगडावर बसून बटाटेवडे खाताहेत, असं दृश्य एका पिढीच्या आठवणीत पक्कं आहे. गाडी खोपोलीपर्यंत झकास येते. चढ लागतो, इंजिन तापतं आणि अर्ध्या घाटात गाडी आचके देत थांबते. कारण साधं आहे. जुन्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बोल्ट केलेला असतो आणि आतल्या पडद्याच्या हालचालीने टाकीतलं पेट्रोल ओढतो. इंजिनाच्या धगीने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते. पंप ती वाफच दाबत बसतो, कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही.

उपाय सगळ्या चालकांना पाठ असे: फडका पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळायचा आणि स्वस्थ बसायचं. वडे संपेपर्यंत वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी सुरू होते. या उपायात वड्यांचा वाटा काय, असं कोणी विचारेल. पुष्कळ आहे. थांबायला कारण लागतं. काहीच हातात नसलं की माणूस रेडिएटरचं झाकण उघडायला जातो, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं हा दवाखान्यात पोहोचायचा सगळ्यांत जवळचा रस्ता आहे.

पण याच लक्षणाचा एक तोतया आहे. गाडी वीस-पंचवीस मिनिटं छान चालते, तापली की बंद पडते, निवली की सुरू होते. पंपावर कितीही फडके गुंडाळा, उपयोग नाही. कारण दोष कंडेन्सरमध्ये असतो, जो गरम झाल्यावरच फितूर होतो. गाडी बंद पडताच कॅपमधली मधली वायर काढून स्पार्क बघितला तर लगेच उलगडा होतो. गाडी निवल्यावर बघितला तर काहीच कळत नाही, कारण तोवर सगळं ठीक झालेलं असतं. मेस्त्रींना गाडी दाखवायला नेली की ती अगदी शहाण्यासारखी वागते, अशी प्रत्येक मालकाची तक्रार असते. त्यामागे हे शास्त्र आहे.

धडा चौथा: ‘तात्पुरतं’ किती दिवस?

ॲक्सिलरेटरची केबल तुटली, मेस्त्रींनी तार बांधली आणि म्हणाले, “तात्पुरतं करून देतो.” गॅरेजच्या पंचांगात तात्पुरत्याचा काळ मोठा असतो. कधीकधी गाडी दोन मालक बदलते आणि तार तिथेच असते. वायपरच्या जोडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सायलेन्सरला पत्र्याच्या डब्याचा पट्टा, हललेल्या कार्बोरेटरच्या खटक्याला खाटेची स्प्रिंग: या कल्पकतेचं मला मनापासून कौतुक आहे. टंचाईच्या काळात याच कल्पकतेने देश चालता ठेवला.

पण ब्रेकच्या बाबतीत जुगाडाला पूर्णविराम. ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून कोणी हाताशी असलेलं इंजिन ऑइल ओतलं, तर सिलिंडरमधले रबरी कप फुगतात. पहिल्या दिवशी ब्रेक फारच छान लागतात. मग ते लागलेलेच राहतात, किंवा अजिबात लागत नाहीत. अशा वेळी एकेक कप, एकेक होजपाइप बदलून सगळी व्यवस्था नव्याने भरावी लागते.

पावसाळ्यात पद्मिनीच्या आणखी एका स्वभावाशी ओळख होते. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पेडल दाबूनही गाडी पुढेच जात राहते. जुने टॅक्सीवाले हिंदमाताचं पाणी पार केलं की डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून ठेवत थोडं अंतर जात. घर्षणाने लायनर सुकतात. मागचा प्रवासी विचारत असे, “चाचा, गाडी ओढत का नाही?” चाचा म्हणत, “थांबायला शिकवतोय तिला.”

धडा पाचवा: रंगावर जाऊ नका

जुनी गाडी विकत घेणारा माणूस आधी रंग बघतो, मग सीट कव्हर, मग स्टिरिओ. जाणकार खिशातून छोटं लोहचुंबक काढतो, पातळ फडक्यात गुंडाळतो आणि दरवाज्याच्या खालच्या कडेवरून, मडगार्डच्या कमानीवरून, डिकीच्या कोपऱ्यांवरून फिरवतो. चिकटलं तर पत्रा. पडलं तर लांबी, म्हणजे पुट्टी. मुंबई, रत्नागिरी, गोवा, सगळीकडे समुद्राची खारी हवा पत्रा खाते. सडलेला पत्रा कापून नवा जोडायचं काम महाग आणि किचकट, त्याऐवजी भसाभस लांबी भरून वर चकाचक रंग मारला जातो. चुंबक हातात असलेलं गिऱ्हाईक दिसलं की विकणाऱ्याचा उत्साह एकदम मावळतो. मग गाडीतलं कार्पेट उचलून पायापाशी बघावं. तिथून जमीन दिसली, तर वायुविजन उत्तम आहे असं विकणारा म्हणेल, आपण नमस्कार करून निघावं.

इंजिन बिघडलं तर बसवता येतं, गिअरबॉक्स मिळते, वायरिंग नवं करता येतं. सांगाडा सडला की गाडी संपली. म्हणून चांगल्या पत्र्याची बंद गाडी ही सडक्या पत्र्याच्या चालू गाडीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

धडा सहावा: भाग शोधताना

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर कुलपं, नळ, पितळी दिवे आणि त्यांच्यात मधेच एखादं हेडलाइटचं कडं किंवा डॅशबोर्डवरचं घड्याळ. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकानं हीच सेवा करतात. इथे दोन नियम पाळावे लागतात. पहिला, हवा असलेला भाग दिसला तरी चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. शेजारच्या किटलीचा भाव आधी विचारायचा. दुसरा, भाग दिसला तर आजच घ्यायचा. पुढच्या रविवारी तो नसतो.

जो भाग कुठेच मिळत नाही, तो बनवून घ्यावा लागतो, आणि इथे महाराष्ट्राचं भाग्य थोर आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम करणारे आणि लेथवर बुश, पिना, शाफ्ट उतरवणारे कारागीर आहेत. झिजलेला भाग त्यांच्या हातात दिला की ते तो बोटांत फिरवतात, व्हर्निअर लावतात आणि विचारतात, “हा किती झिजलाय ते सांगा, म्हणजे मूळ माप काढू.” झिजलेल्या भागाची हुबेहूब नक्कल केली तर झिजही हुबेहूब येते, हे त्यांना सांगावं लागत नाही. याच शहरात शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक सजून निघते आणि ती पाहायला दुतर्फा गर्दी होते. जुनं यंत्र चालतं ठेवण्याचा मान तिथे अजून आहे.

धडा सातवा: माणसं आणि गाडी

प्रत्येक गॅरेजात ही गोष्ट सांगतात. मालक तक्रार घेऊन आले, गाडी फार पेट्रोल पिते. मेस्त्रींनी प्लग काढले, ते काजळीने काळेकुट्ट. कार्बोरेटर साफ केला, जेट बदललं, तरी पुढच्या आठवड्यात तीच तक्रार. शेवटी मेस्त्री शेजारी बसून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “मालक, भाजीची पिशवी दुसरीकडे टांगा.” पिशवी चोकच्या बटणाला अडकवलेली असे. पिशवीच्या वजनाने चोक ओढला जाई आणि इंजिनाला दिवसभर थंडीतला खुराक मिळे. बिघाड शोधताना यंत्राइतकंच ते वापरणाऱ्या माणसाकडेही बघावं लागतं, हे इतक्या थोडक्यात दुसरं कोणी शिकवलं नसतं.

हॉटेलच्या दारात गाडी लावून देणारा मुलगा पद्मिनीत बसला की आधी खाली बघतो, दोन सीटांच्या मधे. तिथे गिअर नाही आणि दोन सीटाही नाहीत. त्याला स्टिअरिंगवरचा दांडा दाखवला की तो इंडिकेटर समजतो. जुन्या अँबॅसिडरमध्ये डिपरचं बटण डाव्या पायाखाली असतं, ते नव्या चालकाला रात्रभर सापडत नाही. नव्या चालकांसाठी या गाड्यांना वेगळं कुलूप लागतच नाही.

आणि ती लांब सीट! आजच्या गाडीत पाच जणांचे पाच स्वतंत्र कप्पे. फियाटच्या पुढच्या सीटवर चालक, आई आणि मधे एक मूल असा संसार बसे. मागे आजी, आत्या आणि उरलेली मुलं. आज सुरक्षेच्या दृष्टीने कोणी तसं बसू नये. पण घरातल्या मुलाला इंजिनाचा आवाज ओळखायला शिकवलं ते त्या मधल्या जागेने.

कागद आणि पेट्रोल

आता दोन गंभीर गोष्टी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी हे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झालं होतं. शिवाय पर्यावरण कर आणि पीयूसी. तारीख चुकवली की दंड आणि खेपा दोन्ही वाढतात, म्हणून कागदांची फाइल गाडीइतकीच जपावी. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला जुलै २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षं टिकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणून ज्यांना गाडी चालवायची हौस आहे, त्यांनी व्हिंटेज नंबरच्या मोहात पडण्याआधी नीट विचार करावा.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करत असे. म्हणून हेड उघडण्याची वेळ आली की कठीण धातूच्या नव्या बैठकी बसवून घ्याव्यात. आणि आता वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल सगळीकडे मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला मऊ पाडतं, तडे आणतं. पंपाचा पडदा, नळ्या, कार्बोरेटरची गॅसकेटं त्यात सापडतात. ते हवेतलं पाणीही ओढून घेतं, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घ्या, पंपाचा पडदा बदला, आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. गळक्या नळीतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा गमतीचा विषय नाही. गाडीत अग्निशामक ठेवा.

मेस्त्रींची वही कोण लिहिणार?

या सगळ्या धड्यांचा एक सामाईक अर्थ मला दिसतो. जुनी गाडी उभी राहून टिकत नाही, चालून टिकते. उभ्या गाडीचे सील वाळतात, ब्रेक धरतात, टायर बसतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. चालती गाडी मात्र आपलं दुखणं वेळेवर सांगते. आणि तिला ऐकू शकणारा कान फक्त मेस्त्रींकडे आहे.

तो कान आता म्हातारा झाला आहे. पद्मिनी टॅक्सी गेल्यावर तिच्यावर पोट असलेल्या मेस्त्रींचं रोजचं काम गेलं. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. नवे मेकॅनिक हुशार आहेत, पण स्कॅनर लावून दोष वाचायला शिकलेले आहेत, आणि पद्मिनीला स्कॅनर लावायला जागाच नाही. गाड्या आणखी पन्नास वर्षं राहतील. पॉइंट किती उघडायचा, टाइमिंग कानाने कसं लावायचं, किंगपिन कशी ठोकायची, हे हातातलं ज्ञान मात्र कुठल्याही पुस्तकात नीट उतरलेलं नाही. ते हात थांबले की गाड्या फक्त फोटो काढण्यापुरत्या उरतील.

तेव्हा वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरी, गावी, नातेवाइकांच्या गोठ्यात जुनी गाडी झाकून ठेवली असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत तिच्यावरचं कापड काढा. तुमच्या भागातल्या सगळ्यांत जुन्या मेस्त्रींना बोलवा. त्यांच्या कामाचे योग्य पैसे, घासाघीस न करता, द्या. ते काम करत असताना शेजारी उभे राहा, प्रश्न विचारा, फोनवर चित्रीकरण करा, वहीत लिहा. घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला हाताने नट सोडवू द्या, हात काळे होऊ द्या. गाडीला नवा रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल. मेस्त्रींना विचारायचं ते मात्र याच वर्षी विचारून घ्या.